ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार: पहिल्या हंगामाची तयारी

ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून लांब गजाने ठासून भरायची, बंदूक हातात घेणाऱ्या नव्या माणसाचं लक्ष हमखास रानाकडे असतं: हरीण कुठे सापडेल, कुठे बसायचं, कधी निघायचं. पण या बंदुकीने शिकार साधते की हुकते, हे बहुतेक वेळा बार भरतानाच ठरलेलं असतं. दारू कोरडी होती का, गोळी दारूवर टेकली होती का आणि किती अंतरापर्यंत नेम धरायचा हे आधी ठरवलं होतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतील तरच पुढचं सगळं. दुसरा बार भरायला सरावलेल्या हातालाही अर्धा ते एक मिनिट लागतो आणि जखमी जनावर तेवढं थांबत नाही. म्हणून या लेखात जनावराच्या मागावर कमी आणि बंदुकीवर जास्त लिहिलं आहे.

आधी कायद्याचं. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथलं सगळं जिथे परवाना काढून कायदेशीर शिकार करता येते तिथल्यासाठी आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम असतो आणि नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर केवळ चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीचा हंगाम असतो. तिथे टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीने पेटणारी, बंदूक चालत नाही. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण, प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी आणि दारूच्या तयार वड्या यांना मनाई आहे. तिथे कमरेच्या वर निदान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा अंगावर असावा लागतो. बंदूक विकत घेण्याआधी त्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. नियमात न बसणारी बंदूक घेऊन पुढच्या हंगामाची वाट पाहणारे बरेच असतात.

बंदूक निवडताना

पारंपरिक प्रकार दोन. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी असते. ती फ्रिझन नावाच्या पोलादी पात्यावर आपटते, ठिणग्या खाली रंजकदानीत पडतात, तिथली रंजक (पेटवणीची बारीक दारू) पेटते आणि जाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आत मुख्य दारूपर्यंत जातो. टोपीच्या बंदुकीत घोडा निपल नावाच्या पोकळ बोंडावर बसवलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर पडतो आणि टोपीतला जाळ निपलमधून थेट आत उतरतो. नवख्याने टोपीची बंदूक घ्यावी. ती ओल्या हवेत जास्त भरवशाची असते आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतचा वेळ कमी असल्याने नेम सुधारायलाही सोपी जाते. फक्त चकमकीचाच हंगाम असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सरावाला दुप्पट वेळ धरा.

कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास इंचांत, .50 किंवा .54 घ्या. व्हाइटटेल हरणासाठी .50 पुरेसं आहे. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी गोल गोळी वापरायची असेल तर .54 पेक्षा खाली जाऊ नये. .45 कॅलिबरची गोल गोळी जेमतेम 128 ग्रेनची, म्हणजे सव्वाआठ ग्रॅमची असते. ती हरणासाठी काही ठिकाणी कायद्यात बसते, पण चूक झाकण्याइतकं वजन तिच्यात नाही.

नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांचा, पीळ किती आहे हे विकणाऱ्याला विचारा. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ लागतो: 60 ते 70 इंचांत एक फेरा. लांबट शिशाच्या गोळीला 28 ते 32 इंचांत एक फेरा असा घट्ट पीळ लागतो. 48 इंचांत एक फेरा हा मधला मार्ग अनेक कारखानी बंदुकांत असतो, त्यात दोन्ही चालतात. घट्ट पिळाच्या नळीत गोल गोळी आणि भरपूर दारू घातली की गोळी आटे सोडून घसरते आणि लक्ष्यावर भोकं कुठेही पडतात. मग माणूस महिनाभर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, ठोकत बसतो.

जुनी, वारशाने आलेली बंदूक असेल तर ती जाणत्या बंदूक-कारागिराने आतून तपासल्याशिवाय तिच्यात दारूचा कणही घालू नका. तिच्यात कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी भरलेला बार अजून असू शकतो.

दारू, गोळी, चिंधी

या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिचा ठासणीच्या बंदुकांसाठीच बनवलेला पर्याय चालतो. आधुनिक काडतुसातली धूररहित दारू चिमूटभरही नाही. ती मिसळायची नाही आणि 'दिसायला काळीच आहे' म्हणून वापरायचीही नाही. तिचा दाब इतका जास्त असतो की नळी फाटते आणि पुढचा हात जातो. घरी दारू बनवण्याचा विचारही नको. दारू सीलबंद डब्यातली, लेबल असलेली आणि त्याच डब्यात ठेवलेली असावी.

काळ्या दारूची जाडी एफ या अक्षराने दाखवतात. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं जलद. ढोबळ वाटणी अशी: .50 आणि त्यावरच्या कॅलिबरला दोन एफ, .45 आणि खालच्यांना तीन एफ, रंजकदानीत चार एफ. .50 मध्ये तीन एफ वापरणारेही पुष्कळ आहेत. नळीत राख कमी राहते हा त्याचा फायदा, मात्र माप दहा ते पंधरा टक्के खाली आणावं लागतं. चार एफ मुख्य बारासाठी कधीही नाही.

पर्यायी दारूंपैकी पायरोडेक्स काळ्या दारूइतक्याच आकारमानाने मोजतात. तिचं वजन कमी भरतं, म्हणून तराजूवर तोललेला आकडा इथे फसवतो. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस असते, तिचं माप सुमारे 15 टक्क्यांनी कमी धरतात. दोन्ही दारू पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत त्या वापरू नका. टोपीच्या बंदुकीत चालतात.

माप ग्रेनमध्ये असतं. 1 ग्रॅम म्हणजे सुमारे 15.4 ग्रेन. पितळी माप घ्या, ज्याचा दट्ट्या सरकवून आकडा ठरवता येतो. दारू ठेवायच्या शिंगातून किंवा डब्यातून दारू सरळ नळीत ओतायची नाही, हा नियम अपवादाशिवाय पाळा. मागच्या बाराचा एखादा निखारा नळीत धुमसत असला तर मापातली 80 ग्रेन दारू भडकणं आणि हातातलं अख्खं शिंग भडकणं यांत जीव वाचण्याइतका फरक आहे.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची हवी. कडक मिश्रधातूची गोळी चिंधीतून आट्यांना नीट धरत नाही आणि जनावरात शिरल्यावर पसरत नाही. .50 च्या नळीला साधारण .490 इंच व्यासाची, सुमारे 177 ग्रेन वजनाची गोळी आणि .015 ते .018 इंच जाडीची चिंधी लागते. .54 ला .530 ची, सुमारे 225 ग्रेनची. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची असावी, गादीच्या खोळीला वापरतात तसलं जाड कापड उत्तम. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं कापड नळीत वितळतं. नवं कापड आधी धुऊन खळ काढून टाका. वंगण म्हणून मेण आणि चरबी, किंवा मेण आणि ऑलिव्ह तेल यांचं मिश्रण चालतं. मोटारीचं किंवा इतर खनिज तेल नको, काळ्या दारूच्या राखेत ते मिसळलं की डांबरासारखा थर बसतो.

बार भरण्याची पद्धत

हा क्रम पाठ होईपर्यंत कोणाशी बोलत बोलत बार भरू नका. दारू घालायची विसरणं किंवा दोनदा घालणं, दोन्ही गप्पांमध्येच होतं.

1. नळी रिकामी आहे का ते गजाने पाहा. गज तळाला टेकवा, तोंडाजवळ बोटाने खूण धरा, मग गज बाहेर काढून नळीला बाजूने लावून मोजा. गज तळापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. रिकाम्या नळीत गज टेकल्यावर तोंडाच्या पातळीवर एक कायमची रेघ ओढून ठेवा.

2. साठवणीचं तेल काढा. कोरड्या चिंध्या सुक्या निघेपर्यंत फिरवा. टोपीच्या बंदुकीत नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, गवताच्या पात्याजवळ धरून दोन टोप्या फोडा. पातं हललं तर निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल काढून साफ करा. चकमकीच्या बंदुकीत कानात बारीक तार घालून बघा. पहिला बार न उडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच राहिलेलं तेल असतं.

3. बंदूक उभी करा, तोंड चेहऱ्यापासून आणि इतरांपासून दूर. टोपीच्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर ठेवा आणि निपलवर टोपी नको. चकमकीच्या बंदुकीचा घोडा खाली आणि फ्रिझन उघडं ठेवा, म्हणजे ठिणगी पडायची शक्यताच उरत नाही.

4. मापात दारू घ्या, शिंग बंद करा, मगच माप नळीत रिकामं करा. नळीवर तळव्याने दोनचार थापट्या मारा म्हणजे दारू तळाशी बसेल.

5. वंगण लावलेली चिंधी तोंडावर ठेवा, मधोमध गोळी ठेवा. ओतीव गोळीचा सपाट डाग वर, बरोबर मध्यभागी असू द्या. तो तिरका राहिला की गोळी उडताना डगमगते.

6. आखूड दांडीच्या ठोकणीने गोळी आधी तोंडात आणि मग पाचसहा इंच आत ढकला.

7. आता गज. तो नळीच्या तोंडापासून वीतभर उंचीवर धरा आणि लहान लहान धक्क्यांनी खाली न्या. टोकाला धरून एका दमात रेटला तर लाकडी गज वाकतो आणि तिरका फाटून हातात घुसतो. गजाच्या माथ्यावर तळवा ठेवू नका, बाजूने बोटांनी धरा.

8. गोळी दारूवर घट्ट टेकल्याचं हाताला कळतं. टेकल्यावर गज आपटत बसू नका, दर वेळी सारखाच दाब द्या. ठरलेल्या मापाने बार भरल्यावर तोंडाच्या पातळीवर गजाला दुसरी रेघ ओढून ठेवा. पुढच्या प्रत्येक बाराला ती रेघ तिथेच आली पाहिजे.

9. गज बाहेर काढा आणि जागेवर ठेवा. टोपी किंवा रंजक अगदी शेवटी, बंदूक लक्ष्याकडे किंवा सुरक्षित दिशेला असतानाच.

आठव्या पायरीबद्दल थोडं अधिक. गोळी वाटेत अडकून दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर ती गोळी अडथळा बनते. दाब त्या जागी साचतो, नळीला फुगवटा येतो किंवा नळी फुटते. राखेने नळी जाम झाली की तिसऱ्याचौथ्या बाराला गोळी अर्ध्यात थांबते आणि नवखा माणूस 'एवढंच राहिलंय, उडवून टाकू' म्हणतो. उडवू नका. ओल्या चिंधीने वरची राख पुसा, पुन्हा रेटा. तरीही हलत नसेल तर खाली सांगितल्याप्रमाणे गोळी काढा. दुसरी रेघ उलट्या बाजूनेही उपयोगी पडते: ती तोंडाच्या वर राहिली तर गोळी बसलेली नाही किंवा दारू दुप्पट पडली आहे, तोंडाच्या आत गेली तर दारू कमी आहे किंवा पडलेलीच नाही.

माप ठरवणं

सुरुवात कॅलिबरच्या आकड्याइतक्या ग्रेनने करा: .50 ला 50 ग्रेन. टेकू देऊन 25 यार्डांवर तीन गोळ्या, मग 5 ग्रेन वाढवून पुन्हा तीन. प्रत्येक गोळीनंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी नळीतून फिरवा. ओलसर म्हणजे पिळून काढलेली, टपकणारी नव्हे. कुठल्यातरी मापाला तिन्ही भोकं जवळ येतात आणि पुढे वाढवलं की पुन्हा पांगतात. .50 मध्ये शिकारीसाठी बहुतेक बंदुका 70 ते 90 ग्रेनच्या दरम्यान स्थिरावतात, .54 मध्ये 80 ते 100 च्या. निर्मात्याने पुस्तिकेत किंवा नळीवर दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. शेवटचे 20 ग्रेन धूर आणि धक्का वाढवतात, पल्ला फारसा वाढवत नाहीत.

लक्ष्याकडे जाताना जमिनीवर पडलेल्या चिंध्या वेचा, त्या दोनचार पावलांपासून पंधरा पावलांपर्यंत सापडतात. कडक उन्हाळ्यानंतरच्या सुक्या गवतात त्या धुमसत असतात, म्हणून आधी पायाने विझवा. मग नीट पाहा. मधे काळा गोल डाग आणि कडा दशा सुटलेल्या पण शाबूत, अशी चिंधी म्हणजे सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा वंगण कमी पडतं. गोळीच्या घेराच्या रेषेत नियमित अंतरावर चिरा असतील तर नव्या नळीचे आटे किंवा तोंडाची कड धारदार आहे. बरेच बार काढल्यावर ती कड मऊ होते, नाहीतर कारागिराकडून तोंड घासून घ्यावं लागतं. चिंध्याच सापडल्या नाहीत तर त्या फाटून तुकडे झाल्या आहेत. नेम का बिघडतो याचं उत्तर लक्ष्यापेक्षा चिंधीवर लवकर मिळतं, तरी लोक चिंध्या उचलायचा कंटाळा करतात.

शिकारीचा बार थंड आणि स्वच्छ नळीतून निघणार आहे. म्हणून माप ठरल्यावर दर सराव-दिवसाची पहिली गोळी वेगळ्या कागदावर मारा आणि तो कागद जपून ठेवा. तुमचा खरा नेम तोच.

पल्ला

.50 ची गोल गोळी 80 ग्रेन दारूवर सेकंदाला साधारण 500 ते 550 मीटर वेगाने निघते. गोल आकार हवा कापत नाही, त्यामुळे 100 यार्डांवर पोचेपर्यंत वेग 320 मीटरच्या आसपास येतो आणि ऊर्जेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग संपलेला असतो. वाऱ्याचंही तसंच. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला 50 यार्डांवर सुमारे 3 इंच ढकलतो, 100 यार्डांवर जवळजवळ फूटभर. हरणाचं मर्मस्थान 8 ते 10 इंच रुंद असतं, त्यामुळे 100 यार्डांवर वाऱ्याचा अंदाज चुकला की गोळी पोटात जाते.

गोल गोळीने हरणावर 75 यार्डांपलीकडे बार काढू नये, आणि पहिल्या हंगामात 50 यार्ड हीच हद्द माना. तेवढ्या अंतरावर उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि झाडाला टेकून पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पडत नसतील तर हद्द आणखी आत आणा. बसायच्या जागेभोवती झाडं, दगड हेरून अंतरं आधीच मोजून ठेवा. हरीण आल्यावर अंदाज करायला वेळ नसतो.

चकमकीच्या बंदुकीचं वेगळं

गारगोटी चामड्याच्या तुकड्यात धरून जबड्यात घट्ट आवळा, तिची धार फ्रिझनला पूर्ण रुंदीत समांतर असू द्या. घोडा अर्ध्यावर असताना धार फ्रिझनपासून किंचित, दोनएक मिलिमीटर, अलीकडे राहिली पाहिजे. फ्रिझनचा चेहरा कोरडा पुसा. तेलकट बोट लागलं तरी ठिणग्या निम्म्या होतात. शिकारीला निघताना नवी किंवा ताजी धार काढलेली गारगोटी लावा आणि तिने दोनतीन ठिणग्या पाडून बघा.

रंजक तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत, कानाच्या खालच्या पातळीत. दानी गच्च भरून कान बुजवला तर जाळ कानातून झेपावत नाही. दारू वातीसारखी कणाकणाने आत जळत जाते आणि फुस्स आवाजानंतर बार उशिरा उडतो.

चाप ओढल्यावर डोळ्यांपुढे झगमगाट होतो आणि डोकं उचलायची ओढ लागते. घरी गारगोटीच्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा बसवून, रिकाम्या बंदुकीने रोज वीसपंचवीस वेळा चाप ओढा आणि घोडा पडल्यावरही मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत माशी लक्ष्यावरून हलू देऊ नका. चकमकीचा नेम याच सरावाने येतो. चष्मा सक्तीचा, कारण दगडाचे कपचे आणि कानातला जाळ दोन्ही बाजूला उडतात. उजवीकडे कोणी उभं राहणार नाही हेही पाहा.

बार उडाला नाही तर

घोडा पडला, बार नाही. बंदूक लक्ष्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबा. आत ठिणगी धुमसत असू शकते. तोंडात डोकावू नका, खांद्यावरून उतरवून मित्राला दाखवू नका. मिनिटानंतर कान किंवा निपल तारेने टोचा, नवी रंजक किंवा टोपी घाला, पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही नाही उडाला तर गजाची खूण बघा. दारू घालायची विसरली असेल तर निपल काढून त्या भोकातून, किंवा कानातून, थोडी बारीक दारू आत सरकवा, गजाने गोळी पुन्हा घट्ट बसवा आणि सुरक्षित दिशेला उडवा. गोळी बाहेर पडेल आणि नळी मोकळी होईल.

दारू ओली झाली असेल तर गोळी काढावी लागते. आधी कानातून किंवा निपलच्या भोकातून पाणी सोडून दारू पूर्ण निकामी करा, मग गजाच्या टोकाला गोळी ओढायचा स्क्रू लावून तो मऊ शिशात फिरवा आणि ओढा. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं गोळी-फेकणं उपकरण मिळतं, ते याहून सोपं. कोरड्या, जिवंत दारूवर स्क्रू फिरवायचा नाही.

पाऊस आणि थंडी

नळीच्या तोंडावर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. गोळीच्या पुढची हवाच तो उडवून लावते. लाकडाचा किंवा रबराचा बूच मात्र बार काढताना तोंडात राहिला तर नळी फुटेल. टोपीच्या कडेला मेणाचा पातळ हात द्या. चकमकीच्या कुलपावर, म्हणजे घोडा आणि रंजकदानी असलेल्या भागावर, मेण किंवा ग्रीस चोळलेलं चामड्याचं झाकण बांधा. दमट हवेत रंजक तासा-दोन तासांनी बदला, ती राखाडी चिखलासारखी झाली असेल तर लगेच.

सगळ्यात जास्त बार तंबूच्या उबेत भिजतात. थंड बंदूक गरम खोलीत आणली की नळीत आतून दव धरतं आणि दारू भिजते. संध्याकाळी बार तसाच ठेवायचा असेल तर टोपी किंवा रंजक काढून बंदूक थंडीतच, कुलूपबंद जागी ठेवा. टोपी किंवा रंजक काढलेली बंदूक कायद्याने 'रिकामी' मानतात की नाही, हे राज्याराज्यांत वेगळं आहे आणि गाडीत ठेवताना ते आधी माहीत असायला हवं. शंका असेल तर दिवस संपताना मातीच्या उंचवट्यात बार काढून टाका. सकाळचा ताजा बार केव्हाही जास्त भरवशाचा.

हरीण समोर आल्यावर

घोडा पूर्ण ओढताना होणारी टकटक शांत रानात हरणाला ऐकू जाते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप दाबून धरा, अंगठ्याने घोडा मागे न्या, आधी चाप सोडा, मग अंगठा हळू सैल करा, म्हणजे आवाज होत नाही. हे रिकाम्या बंदुकीवर हातात बसेपर्यंत शिका, भरलेल्यावर प्रयोग नको. दोन चापांची बंदूक असेल तर मागचा चाप माशी जनावरावर स्थिरावल्यावरच ओढा, त्यानंतर पुढचा चाप नुसत्या स्पर्शाने सुटतो.

फक्त आडव्या उभ्या, थांबलेल्या हरणावर बार काढा. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाते. समोरून, मागून किंवा पळत्या जनावरावर नाही. गोल गोळी हाड फोडून पुढे जाईल यावर विसंबू नका.

बार उडाला की पांढऱ्या धुराने काही दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरका किंवा खाली वाका, धुराखालून हरीण कुठल्या दिशेला गेलं आणि शेवटचं कुठल्या झाडाशी दिसलं ते लक्षात ठेवा. जागेवरच पुन्हा बार भरा. मग अर्धा तास थांबा. हरीण पडल्यासारखं दिसलं तरी भरलेल्या बंदुकीशिवाय जवळ जायचं नाही.

माग काढताना रक्त सांगतं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर बहुतेक शंभरेक यार्डांत सापडतं. गडद तांबडं रक्त यकृताचं, तीनचार तास थांबा. हिरवट, आंबूस वासाचं द्रव दिसलं तर गोळी पोटात गेली आहे. निदान सहा तास द्या, कारण आधी उठवलेलं हरीण मैलभर जातं आणि हाती लागत नाही. प्रत्येक ठिपक्याशी कागदाचा तुकडा ठेवत चला, माग तुटला की मागे वळून दिशा दिसते.

त्याच दिवशी सफाई

जळलेल्या काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि पोलादाला एका रात्रीत गंज चढतो. पायरोडेक्सची राख याहून खट्याळ. थकवा असला तरी बंदूक त्याच दिवशी धुवा.

टोपीच्या बंदुकीचं निपल काढा, नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवा आणि तिचं मागचं टोक कोमट साबणाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा. गजाला घट्ट चिंधी लावून वरखाली केलं की पाणी निपलच्या भोकातून आतबाहेर खेळतं. उकळतं पाणी नको, नळी सुकता सुकता तांबूस गंजाचा पातळ थर धरते. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला, मग चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. नळी न सुटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीत कानात काडी खोचून नळीत पाणी भरा, थोडं हलवा, ओता, असं तीनचारदा करा. कुलूप सोडवून टूथब्रशने धुवा, स्प्रिंगच्या खाचा पूर्ण सुकवा. निपलच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या हंगामात ते हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी एक कोरडी पांढरी चिंधी पुन्हा नळीतून फिरवा. ती तपकिरी निघाली तर गंज सुरू झाला आहे. पुन्हा धुवा, सुकवा, तेल द्या आणि आठवड्याने परत बघा.